महिन्याच्या पगारावरून तासाच्या रेटवर टाकतायत – सही करू का?

घोडबंदरची_गौरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी घोडबंदर रोडवरच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) झालंय, इथे सात वर्षं पूर्ण झाली. ग्रॉस २४,०००, त्यात बेसिक १५,६००. ड्युटी सकाळी सात ते तीन, जेवणाचा अर्धा तास त्यातच धरलेला. शाखा धरून चाळीसेक माणसं आहोत.

१८ तारखेला ग्रुपवर मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी एकेकाला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. १ तारखेपासून पगार तासावर. माझा रेट १२५ रुपये. मॅनेजर म्हणाले, "२४,००० भागिले २६, भागिले ८, तुमचे तासाला ११५ पडतात. आम्ही १२५ देतोय. वाढच झाली की!"

कागद अर्ध्या पानाचा, इंग्लिशमध्ये. हा बदल मी स्वखुशीने स्वीकारतेय अशी एक ओळ त्यात आहे. तास किती मिळणार, ते मात्र कुठेच नाही.

लॅबचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे खरी मेख कळेल. सात ते साडेदहा मान वर करायला फुरसत नसते, सगळी उपाशीपोटीची सँपल्स. मग होम कलेक्शनची मुलं कासारवडवली, मानपाडा करत ट्रॅफिकमधून अकरा-साडेअकराला पोचतात. त्यानंतर जेवणानंतरच्या शुगरवाले पेशंट. मधे पाऊण तास, कधी तास हात मोकळे असतात. म्हणजे पेशंट नसतो, पण ॲनालायझरवर कंट्रोल (मशीन बरोबर चालतंय का ते तपासायचे नमुने) लावायचे असतात, रिपोर्ट पडताळायचे असतात, डॉक्टरांचे फोन घ्यायचे असतात. आता म्हणतात, सँपल नसेल तेव्हा पंच आउट करा, बाहेर बाकावर बसा, बॉक्स आला की पंच इन.

असं करता येतं का? सही केली नाही तर काढून टाकतील का? आणि सात वर्षांच्या ग्रॅच्युइटीचं काय होतं? उद्या दुपारपर्यंत कागद परत मागितलाय.

पोहे_विथ_चहा

उद्या सही करू नका. "घरी विचारून सांगते" म्हणा. बाकी जाणकार येतीलच.

हिशेबनीस

गौरीताई, मॅनेजरचं गणित बरोबर आहे आणि तरीही त्यात खोट आहे.

२४,००० ला १२५ ने भागा. १९२ तास येतात. म्हणजे आजचाच पगार हातात पडायला महिन्याला १९२ तास भरायला हवेत. २६ दिवस × ८ तास = २०८. तुमच्याकडे सोळा तासांची उशी आहे, एवढंच.

आता जेवणाचा अर्धा तास. आज तो पगारात आहे, पंच मशीन तो कापणार. २६ × अर्धा = १३ तास. सोळातले तेरा तिथेच गेले. उरले तीन. एक गुढीपाडवा किंवा एक दिवस ताप आला की साडेचार तासांनी खड्ड्यात. आणि हे बाकावर बसायचे तास धरायच्या आधीचं. रोज दीड तास पंच आउट धरला तर आणखी ३९ तास, म्हणजे ४,८७५ रुपये.

मासिक पगारात सणाच्या सुट्ट्या, किरकोळ रजा, हक्काची रजा हे सगळं आत धरलेलं असतं. तासाच्या रेटमध्ये ते धरलंय का, हे कागदावर नाही म्हणजे धरलेलं नाही.

रबाळे_रात्रपाळी

आमच्याकडे टीटीसीतल्या (नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा) एका पॅकेजिंग युनिटमध्ये हेच झालं होतं. नाव घेत नाही. तिथे तर ज्या दिवशी ऑर्डर नाही त्या दिवशी गेटवरून परत. रबाळे स्टेशनपासून चालत यायचं आणि सिक्युरिटी सांगणार, आज फक्त 'ए' लाइन.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. २१,००० च्या आत पगार असलेल्यांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) असतं. आजारपणाची रोख भरपाई हवी असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनला कामाला येते. आमचे दिवस असे तुटक झाले की एका पोराचे ७८ भरलेच नाहीत. पुढे त्याचा पाय मोडला. वागळे इस्टेटच्या ईएसआय हॉस्पिटलात उपचार झाले, पण घरी बसलेल्या दिवसांचे ७० टक्के मिळतात ते मिळाले नाहीत. बाळंतपणाच्या भरपाईलाही अशीच अट आहे, तिथे आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवस.

कलम ९-अ बघा. २१ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पगाराची पद्धत बदलता येत नाही.

कायद्याचा_किडा

रात्रपाळी, मुद्दा बरोबर, फक्त पत्ता बदललाय. ९-अ हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या आणि तो कायदा गेला. आता हीच तरतूद औद्योगिक संबंध संहिता २०२० च्या कलम ४० मध्ये आहे. अर्जात जुनं कलम लिहिलं तर समोरचा वकील पहिली दहा मिनिटं त्यावरच खाईल.

कलम ४० म्हणतं की तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबीत बदल करायचा असेल तर आधी बाधित कामगारांना नोटीस आणि नोटिशीनंतर २१ दिवस थांबणं. अनुसूचीतली पहिलीच बाब वेतन, वेतनाचा कालावधी आणि वेतन देण्याची पद्धत. पुढे कामाचे तास आणि मधली विश्रांती, मग पगारी रजा आणि सुट्ट्या. गौरीताईंच्या कागदाने एका फटक्यात तिन्हींना हात घातलाय. आणि १८ चा मेसेज, १ पासून अंमल. दोन आठवडेही होत नाहीत. व्हॉट्सॲपचा तो मेसेज नियमाप्रमाणे नोटीस ठरतो का, हा आणखी वेगळा वाद.

नोटिशीशिवाय केलेला बदल किती टिकतो? १९८५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडियाच्या सिलिगुडी डेपोतल्या कामगारांचा. त्यांना महामंडळ थेट पैसे देत होतं, मग अचानक पुन्हा कंत्राटदाराच्या हाताखाली ढकललं. नोटीस नव्हती. कोर्टाने तो बदल मुळापासूनच निष्प्रभ ठरवला. निकाल जुन्या कलमावरचा असला तरी नव्या कलमाची भाषा जवळपास तीच असल्याने त्याचा आधार घेता येतो.

आता उलट बाजू, कारण इथे लोक अर्धंच वाचून भांडायला जातात. नोटीस दिली, २१ दिवस थांबले, तर मालकाला बदल करता येतो. त्यावर वाद उपस्थित करता येतो, समेटाची कार्यवाही सुरू झाली की ती चालू असेपर्यंत सेवाशर्ती आहेत तशाच ठेवाव्या लागतात. पण "कधीच बदलता येणार नाही" असं कायदा म्हणत नाही. म्हणूनच मालकाला तुमची स्वखुशी लेखी हवी असते. नोटिशीची भानगडच नको.

घोडबंदरची_गौरी

धन्यवाद! पण मॅनेजर म्हणतात १८,००० च्या वर पगार असेल तर तुम्ही 'वर्कर'च नाही, हे सगळं तुम्हाला लागू नाही.

कायद्याचा_किडा

ही थाप इतकी चालते की हसूही येत नाही. १८,००० ची मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना आहे (जुन्या कायद्यात ती १०,००० होती). तांत्रिक, कुशल, कारकुनी, हाताने करायचं काम, यांना पगाराची वरची मर्यादाच नाही. तुम्ही सँपल लावता, रिपोर्ट काढता, म्हणजे तांत्रिक. लोकांच्या रजा मंजूर करणं, नेमणुका करणं असलं काही तुमच्याकडे असेल तर गोष्ट वेगळी. नावापुढे 'सेक्शन इनचार्ज' लिहिलं म्हणून कुणी मॅनेजर होत नाही, कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं.

आणि तासाचाच रेट का, दिवसाचा का नाही, याचं कारणही बघा. वेतन संहितेचं कलम १० सांगतं की किमान वेतन दिवसावर ठरलेलं असेल आणि मालकाने त्या दिवशी काम कमी दिलं, तर पूर्ण दिवसाचे पैसे द्यावे लागतात. कामगाराने स्वतः काम नाकारलं तर सूट. तासावर टाकलं की या कलमातून निसटता येईल असा हिशेब असतो. पण महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या बहुतेक अधिसूचनांत अर्धवेळ माणसाचा तासाचा दर म्हणजे दिवसाचा दर भागिले आठ, अधिक १५ टक्के, असं लिहिलेलं असतं. तुमच्या १२५ ला ते कदाचित आड येणार नाही, पण हाउसकीपिंगच्या मावशींना काय रेट दिलाय ते जरूर तपासा. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही महापालिका हद्दी, म्हणजे किमान वेतनाच्या दरांसाठी परिमंडळ एक.

बाकावर बसण्याबद्दल. लॅब सोडून कुठे जाता येत नसेल, बॉक्स आला की दोन मिनिटांत हजर व्हायचं असेल, तर तो वेळ तुमचा नाही, मालकाच्या हुकमाखालचाच आहे, असं मी तरी ठामपणे मांडेन.

पोहे_विथ_चहा

रिक्षावालासुद्धा वेटिंग लावतो राव.

बे_एरियातला_बंड्या

इथे अमेरिकेत अवरली म्हणजे कमीपणा असं नाही, उलट बरेच लोक खूश असतात. १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टप्रमाणे आठवड्याला ४० तासांवर दीडपट ओव्हरटाइम मिळतो. पगारी 'एक्झेम्प्ट' माणसाला तो नाही, तो रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसला तरी. पगारावरून तासावर टाकता येतं, पण पुढच्या तासांपुरतंच, केलेल्या कामाला मागून नवा रेट लावता येत नाही. वीस मिनिटांपर्यंतचा छोटा ब्रेक कामाच्या वेळेतच मोजतात. कॅलिफोर्नियात तर शिफ्टला बोलावून अर्ध्याहून कमी काम दिलं तर निम्म्या शिफ्टचे पैसे द्यावे लागतात, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार तासांचे. तेव्हा तासावर जाणं सरसकट वाईट म्हणू नये.

हिशेबनीस

बंड्या, तुमच्याकडे ओव्हरटाइम मशीनमधून आपोआप निघतो. इथे कायद्याने दुप्पट आहे, तुमच्या दीडपटीपेक्षा जास्त. आता स्लिपवर ओव्हरटाइम दुप्पट दराने लागलेला ज्यांनी पाहिलाय त्यांनी हात वर करा.

तुर्भेवाला

मी पलीकडच्या बाजूचा, शिव्या खायला तयार आहे. तुर्भ्याला छोटं युनिट आहे माझं. काम सारखं नसतं हे खरं. भाडं, वीज, कर्जाचा हप्ता सगळं महिन्यावर आणि धंदा मात्र लहरीवर. तेव्हा तासाचा विचार प्रत्येक लहान मालकाच्या डोक्यात येतो, कन्सल्टंट येऊन भरवतोही. मीही भरवून घेतला होता. मग लक्षात आलं की ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळते ते आधी जातात, म्हणजे नेमकी चांगली माणसं. शेवटी महिन्याच्या किमान तासांची हमी लिहून दिली तेव्हा गाडी चालली. लॅबमध्ये तर शिकलेला माणूस गेला की दुसरा उभा करायला महिने लागतात. गौरीताई, तुमच्या मालकाला ही भाषा कळेल. कलमांची भाषा ऐकली की तो फोन उचलून वकिलाला लावेल.

ठाणेकर_काका

वागळे इस्टेटमध्ये हयात गेली माझी, युनियनमध्येही होतो. कंपन्या गेल्या, तिथे आता काचेच्या इमारती आहेत, पण युक्त्या त्याच.

पोरी, तासाच्या कागदाला सगळ्यांनी नकार दिला की पुढचा कागद राजीनाम्याचा येतो, हे लक्षात ठेव. "फॉर्मॅलिटी आहे, राजीनामा द्या, उद्यापासून नवं पत्र." ते नवं पत्र कधी 'कन्सल्टंट' म्हणून असतं. प्रोफेशनल फी, टीडीएस कापून. पीएफ बंद, रजा बंद, आणि सात वर्षांची सलग नोकरी मोडली. राजीनामा घेतलाच तर पाच वर्षांवर नोकरी झालेली असल्याने ग्रॅच्युइटी तिथल्या तिथे देय होते, ती तीस दिवसांत द्यावी लागते. ती मात्र 'विसरतात'. तुझी किती होते ते हिशेबनीस सांगतील.

उद्या केबिनमध्ये काय करायचं ते सांगतो. भांडायचं नाही. कागदाची एक प्रत माग. सही करायचाच आग्रह झाला तर "प्रत मिळाली, अटी मान्य नाहीत" असं स्वतःच्या हाताने लिहून, तारीख घालून सही कर. मग एक साधं पत्र दे:

"आपण दिलेला दि. … चा मसुदा वाचला. त्यातील वेतन, कामाचे तास व रजा यांच्या अटी माझ्या नेमणूकपत्रातील अटींपेक्षा वेगळ्या आहेत. मी त्यांस संमती दिलेली नाही. सध्याच्या अटींवर मी नेहमीप्रमाणे कामावर हजर आहे व राहीन."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. नाहीतर "काम नाकारलं" असा बोभाटा होतो. पत्राच्या प्रतीवर आवकचा शिक्का घे. देत नसतील तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. १ तारखेनंतर तासाच्या हिशेबाने पैसे जमा झाले तर परत करायचे नाहीत, "हक्क राखून स्वीकारले" एवढा मेल टाकायचा. आणि रोजचे पंच एका वहीत. मशीन त्यांचं, वही तुझी.

एकटीने जाऊ नकोस. चौघी-पाच जणांची पत्रं एकाच दिवशी गेली की केबिनमधला सूर बदलतो.

हिशेबनीस

ग्रॅच्युइटी: १५,६०० भागिले २६ = दिवसाचे ६००. गुणिले १५ (वर्षाला पंधरा दिवस), गुणिले ७ (वर्षं) = ६३,००० रुपये आजच्या तारखेला.

यातली ग्यानबाची मेख अशी की ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर निघते, तीही सगळ्या वर्षांची. उद्या तासाच्या रेटमध्ये बेसिक कमी दाखवलं तर मागची सातही वर्षं त्या कमी बेसिकने मोजायला बघतील. आणि नव्या कागदात रेट एकगठ्ठा १२५ आहे ना? सगळाच वेतन धरला तर दिवसाचे १,००० होतात आणि ग्रॅच्युइटी वाढते. मालकाच्या हे लक्षात आलेलं नसणार. आलं की रेटची फोड करून 'बेसिक ५०, बाकी भत्ते' असा दुसरा कागद येईल. (नव्या संहितांप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो, तेव्हा ५० चालणार नाही.) वर्षात २४० दिवसांची सलग नोकरी भरण्याचाही प्रश्न आहे. न बोलावलेले दिवस वाढले की वर्षच मोजणीत घ्यायला खळखळ करतात.

पीएफ तासावर गेल्याने थांबत नाही. तास, दिवस, नग, कशावरही वेतन असो.

अवांतर: गृहकर्ज घ्यायचा विचार असेल तर तीन महिन्यांच्या स्लिप आत्ताच काढून ठेवा. दर महिन्याला वेगळा आकडा दिसला की बँकेचा माणूस भुवया उंचावतो.

कायद्याचा_किडा

कुठे जायचं ते राहिलं. वीस किंवा जास्त कामगार असतील तर आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी, औद्योगिक संबंध संहितेचं कलम ४. तुमच्याकडे चाळीस आहेत. समिती आहे का, असं लेखी विचारा. बहुधा नसेल, आणि त्या प्रश्नानेच गडबड उडेल. त्यानंतर ठाण्याचं कामगार उपायुक्त कार्यालय. अर्जासोबत नेमणूकपत्र, मागच्या काही स्लिपा, १८ च्या मेसेजचा स्क्रीनशॉट, तो मसुदा आणि काकांनी सांगितलेल्या पत्राची पोच. पैसे कापले गेले तर वेतन संहितेखाली दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि येणे रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यायचा अधिकार तिथल्या प्राधिकाऱ्याला आहे.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

काढून टाकतील का, हा तुमचा प्रश्न राहिला होता. काढू शकतात, पण फुकट नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, अधिक प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, ग्रॅच्युइटी वेगळी. आणि नोकरी संपली की दोन कामाच्या दिवसांत वेतनाचा सगळा हिशेब चुकता करायचा, हेही आता संहितेतच आहे.

घोडबंदरची_गौरी

अपडेट देते. आम्ही सहा जणींनी मिळून पत्रं दिली. रिसेप्शनवरच्या मुलीने शिक्का मारायला हात आखडता घेतला, म्हणून तिथेच उभं राहून ईमेल केला. काकांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं. समितीचं विचारल्यावर मॅनेजर "बघून सांगतो" म्हणाले आणि खरंच बघायला गेले असावेत, कारण दोन दिवस कुणी केबिनमध्ये बोलावलंच नाही.

तुर्भेवाल्या दादांनी सांगितलं तसं मालकांशी थेट बोलले. कलम काढलं नाही. बायोकेमिस्ट्री मशीन चालवणारे आम्ही तिघंच आहोत आणि तिघांनाही पलीकडच्या हॉस्पिटलात विचारणा झालीय, एवढंच सांगितलं. (झालीच आहे, खोटं नाही.)

आज नवा मसुदा आलाय. १ तारीख रद्द, रीतसर नोटीस देणार म्हणतात. तासाचा रेट तोच १२५, पण महिन्याला किमान १७६ तासांची हमी. पंच आउट करून बाकावर बसायचं काढून टाकलंय. दोघीजणी म्हणतात घेऊन टाकू, रोजची कटकट नको. मला ठरवता येत नाहीये.

हिशेबनीस

१७६ × १२५ = २२,०००. म्हणजे हमी धरूनही दरमहा दोन हजारांनी खाली. १९२ मागा. नाहीतर रेट १३७ करा, १७६ ला २४,११२ होतात. जेवणाचा अर्धा तास आणि सणाच्या सुट्ट्या हमीच्या तासांत मोजणार की वेगळ्या देणार, तेही लिहून घ्या. बेसिकची फोड त्याच कागदावर.

ठाणेकर_काका

आणि "पूर्वीची सेवा सलग धरली जाईल" ही ओळ. ती असल्याशिवाय पेन उघडू नकोस. त्या दोघींनाही सांग, नोटीस रीतसर येणार आहे ना, मग अजून तीन आठवडे आहेत हातात. घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

रबाळे_रात्रपाळी

शेवटचा मसुदा आला की नाव-गाव झाकून इथे टाका ताई. आमच्याकडे पुढच्या महिन्यात परत बोलणी आहेत, आम्हालाही उपयोगी पडेल.